विंडोज फाइल रिकव्हरी: काही महिने वापरल्यावर काय हाती लागतं आणि काय नाही

डिलीट झालेल्या फायली परत आणणारं मायक्रोसॉफ्टचं हे फुकट साधन २०२० मध्ये आलं. विंडोज १० च्या २००४ (हे वर्ष नाही, आवृत्तीचा क्रमांक) या आवृत्तीपासून पुढच्या कुठल्याही विंडोजवर ते चालतं आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून उतरवता येतं. गेले काही महिने पुण्यात कोथरूडपासून सिंहगड रोडपर्यंत ओळखीच्यांच्या घरगुती कॉम्प्युटरवर ते वापरतोय. मत आधीच सांगतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ते फार चांगलं आहे, एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपच्या ड्राइव्हवर, जवळपास काहीच उपयोग होत नाही. आणि ‘डेस्कटॉपवरचं सगळं गेलं हो’ असा फोन येतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. त्यामुळे सुरुवात त्या फोनपासून करतो.

डेस्कटॉप हे एक साधं फोल्डर आहे. फाइल एक्सप्लोरर उघडा, सी ड्राइव्ह, मग यूजर्स, मग आपलं नाव, मग डेस्कटॉप. फायली तिथे दिसल्या तर काही हरवलेलं नाही, फक्त पडद्यावर दिसत नाहीये. रिकाम्या जागी राइट क्लिक करून व्ह्यूमध्ये ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’समोर टिक आहे का ते बघा. लहान मुलांच्या हातून ती हमखास निघते. खालची पट्टीही गायब असेल तर एक्सप्लोररच बंद पडलाय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘रन न्यू टास्क’मध्ये एक्सप्लोरर टाइप करा. चिन्हं आहेत पण पांढऱ्या कागदासारखी दिसतायत, तर चिन्हांचा साठवलेला कॅशे बिघडलाय, फायलींना धक्का नाही. फक्त ‘धिस पीसी’ आणि रीसायकल बिन नसेल, तर सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, थीम्स, आणि तिथे ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’. काही प्रोग्रामचे शॉर्टकट नाहीत पण आपल्या फायली जागेवर आहेत, असं असेल तर यूजर्समधल्या पब्लिक नावाच्या फोल्डरातला डेस्कटॉप बघा. सगळ्यांसाठी टाकलेले शॉर्टकट तिथे असतात. ते फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून व्ह्यूमधून ‘हिडन आयटम्स’ चालू करावं लागतं.

आपल्या नावातलं डेस्कटॉप फोल्डरच रिकामं निघालं, तर पहिला संशय वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीवर घ्यावा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स यांचा बॅकअप पुष्कळदा आपोआप चालू होतो, आणि खरा डेस्कटॉप वनड्राइव्ह फोल्डरच्या आत जातो. पुढे फुकटची ५ जीबी जागा भरते, सारखी सूचना येते, कंटाळून कोणीतरी बॅकअप बंद करतं, आणि डेस्कटॉप एका क्षणात मोकळा होतो. फायली तेव्हाही वनड्राइव्हमधल्या डेस्कटॉप फोल्डरातच असतात. तिथून कापून नेहमीच्या डेस्कटॉपवर चिकटवल्या की काम झालं. खरा धोका वेगळा आहे. जागा करायची म्हणून कोणी मोबाइलवरच्या वनड्राइव्हमधून फायली उडवल्या, तर त्या घरच्या कॉम्प्युटरवरूनही जातात. अशा वेळी वनड्राइव्हच्या वेबसाइटवरचं रीसायकल बिन उघडा. वैयक्तिक खात्यात तिथे ३० दिवस फायली थांबतात.

दुसरा संशय तात्पुरत्या प्रोफाइलचा. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, आणि यूपीएस नसलेल्या घरातून त्या संध्याकाळी हीच तक्रार येते: वॉलपेपर बदललाय, डेस्कटॉप कोरा आहे, ब्राउझर नव्यासारखा उघडतोय. खात्याची माहिती ज्या फाइलमध्ये असते ती वीज जाताना अर्धवट लिहिली गेली की विंडोज ती वाचू शकत नाही आणि एक तात्पुरतं खातं उघडून देतं. त्या खात्यात काहीही सेव्ह करू नका. साइन आउट केलं की ते पुसलं जातं. आधी रीस्टार्ट करा, गरज पडली तर आणखी एकदा. पुष्कळदा तेवढ्यानेच जुनं खातं परत येतं.

नाही आलं तर रजिस्ट्री एडिटर, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदी बदलायचं साधन. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइललिस्ट या वाटेने जा, आणि हात लावण्याआधी प्रोफाइललिस्ट एक्स्पोर्ट करून ठेवा. एस-१-५-२१ ने सुरू होणारा एकच लांबलचक आकडा दोनदा दिसेल, एकाच्या शेवटी टिंब आणि बीएके. बीएकेवाली नोंद आपल्या खऱ्या खात्याची. बीएके नसलेलीचं नाव बदलून ठेवा, मग बीएकेवालीच्या शेवटचं बीएके टिंबासकट काढा आणि रीस्टार्ट करा. ६०० व्हीए चा साधा यूपीएस नीट शटडाउन करण्यापुरता वेळ देतो. फक्त त्यातली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, हे घरोघरी विसरलं जातं.

आता खरोखर डिलीट झालेल्या फायली. रीसायकल बिन आधी बघायचं हे सांगायला नको, पण पेन ड्राइव्हवरून उडवलेलं आणि शिफ्ट धरून डिलीट केलेलं तिथे नसतं. विंडोज फायलीतला मजकूर लगेच पुसत नाही. ज्या तक्त्यात प्रत्येक फाइलची नोंद असते, त्यात फक्त ‘ही जागा मोकळी’ अशी खूण होते. म्हणून त्या क्षणापासून तो ड्राइव्ह वापरणं थांबवायचं. व्हिडिओ बघणं, अपडेट चालू ठेवणं, रिकव्हरीचं साधन त्याच ड्राइव्हवर उतरवणं, यातलं काहीही त्या मोकळ्या जागेवर लिहू शकतं. शक्य असेल तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडावी. त्यासाठीची सॅटा ते यूएसबी जोडणी पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीवरच चालते, पण टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या साडेतीन इंची डिस्कला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, तो असलेलीच जोडणी मागून घ्या.

विंडोज फाइल रिकव्हरीला बटणं नाहीत, आज्ञा टाइप करावी लागते. टर्मिनल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आधी साधनाचं छोटं नाव, डब्ल्यू-आय-एन-एफ-आर. मग जिथून शोधायचं तो ड्राइव्ह, मग जिथे ठेवायचं तो, दोन्हींपुढे कोलन. हे दोन वेगळेच हवेत, एकच दिले तर काम सुरूच होत नाही. मग पुढे झुकलेली रेघ आणि रेग्युलर, पुन्हा तशीच रेघ आणि एन, आणि शेवटी फोल्डरचा मार्ग. मार्गातल्या रेघा मात्र मागे झुकलेल्या असतात आणि ड्राइव्हचं अक्षर त्यात पुन्हा लिहायचं नसतं. इथेच सगळे अडतात. यूजरच्या नावात मोकळी जागा असेल तर पूर्ण मार्ग दुहेरी अवतरणात घाला. एक्सेलची सोसायटीची बिलं शोधायची असतील तर मार्गाच्या शेवटी तारा, टिंब आणि एक्सएलएसएक्स. आणि डेस्कटॉप वनड्राइव्हच्या आत गेलेला असेल, तर मार्गातही वनड्राइव्ह लिहा. ते राहिलं की साधन ‘काही सापडलं नाही’ म्हणतं आणि माणूस आशा सोडतो.

रेग्युलर पद्धत तो नोंदींचा तक्ता वाचते, त्यामुळे फायली आपल्या नावानिशी परत येतात. ताज्या डिलीटसाठी हीच. फॉरमॅट झालेल्या डिस्कला, किंवा फॅट आणि एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हला आज्ञेत रेग्युलरच्या जागी एक्स्टेन्सिव्ह. १ टीबीच्या डिस्कवर तिला कित्येक तास लागतात, रात्री लावून ठेवावी. मोठी उणीव ही की फाइल धड आहे का ते आधी कळत नाही.

एसएसडीवर ही उणीव फार जिव्हारी लागते. डिलीट होताच विंडोज एसएसडीला ट्रिमचा निरोप देतं आणि एसएसडी ती जागा रिकामी करून टाकते. तक्त्यातली नोंद मात्र शिल्लक असते. मग नाव बरोबर येतं, आकार बरोबर येतो आणि उघडायला गेलं की एक्सेल म्हणतं फाइल बिघडलीय. आत सगळी शून्यं असतात. पैसे देऊन घेतलेलं साधनही तिथे वेगळं काही काढू शकत नाही, म्हणून त्यावर खर्च करू नका.

जिथे तक्ताच उरला नाही, तिथे मी फोटोरेक या दुसऱ्या रिकव्हरी साधनाकडे वळतो. ते मुक्त स्रोताचं आहे. मजकुराच्या सुरुवातीच्या ठशावरून ते फाइल ओळखतं, नावं सगळी जातात, एफ आणि आकडे असलेल्या शेकडो फायली हाती येतात. त्यातून मराठी पत्र शोधताना एक अडचण येते. युनिकोडमधला मजकूर शोधाच्या चौकटीत मराठी शब्द टाकून सापडतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमधला सापडत नाही, कारण आत रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात. त्यासाठी त्या काळातली एखादी धड फाइल उघडून वारंवार येणारा शब्द, समजा ‘सोसायटी’, तिथून कॉपी करायचा आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवायचा. जी विचित्र अक्षरं दिसतील तीच शोधायची.

हे सगळं डिस्क ठणठणीत असेल तरच. आधी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा. पिवळा इशारा दिसला आणि ०५, सी५ किंवा सी६ या ओळींत शून्याहून मोठा आकडा असला, तर शोधत बसू नका. जे दिसतंय ते आधी दुसरीकडे कॉपी करा. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन, तर मुळीच नको. ते डिस्कवर लिहितं आणि तुटक्या नोंदींचे तुकडे नावाशिवाय वेगळ्या फोल्डरात टाकून देतं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वीज काढा आणि ती डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेतच न्या. घरी उघडायची नाही.

नव्या विंडोज ११ लॅपटॉपचा ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडला की बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप, ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण खातं ज्याच्या नावावर आहे तो मुलगा परगावी असेल तर आधी त्याला फोन लावा. कुलूप उघडल्याशिवाय वरचं कुठलंच साधन आतली एक फाइल वाचू शकत नाही.