तिळाभोवतीचं पांढरं कडं आणि ३५,००० रुपयांचं पॅकेज

तिळाभोवती पांढरं कडं उमटलं की "हे कोड आहे, पसरायच्या आत तीळ जाळून टाकू" असं सांगणारे क्लिनिकवाले भेटतात. आम्हाला भेटले. दुसऱ्या कुणाच्या लेकरावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं लिहितेय.

माझी मुलगी १४ वर्षांची. मानेवर मागच्या बाजूला एक तपकिरी तीळ, पाठीवर दुसरा, दोन्ही जुनेच. गेल्या उन्हाळ्यात दोन्हींभोवती कडं आलं, कंपासने काढल्यासारखं गोल. खाज नाही, दुखणं नाही. केबलवर सतत जाहिरात येणाऱ्या एका स्किन क्लिनिकमध्ये गेलो. तिथे डॉक्टरच्या आधी 'काउन्सेलर' बसते. तिने मुलीसमोरच विचारलं, "मॅडम, पुढे हिचं लग्न करायचंय ना?" पोरीचा चेहराच उतरला. या एका वाक्यावर त्यांचा धंदा चालतो. पॅकेज ३५,००० रुपयांचं, एकदम जमत नसेल तर ईएमआयचा फॉर्म तिथेच तयार.

आत पांढऱ्या कोटातल्या माणसाने साधं भिंगही न लावता कोड ठरवलं. "तीळच डागाचं मूळ आहे" म्हणत मानेवरचा तीळ मशीनने जाळला. पाठीसाठी बाटलीतलं तेल दिलं. बाटलीवर लेबल नाही. तेल लावायचं आणि उन्हात बसायचं. थोड्याच दिवसांत पाठीवर पाण्याने भरलेले टपोरे फोड आले. कुर्ता काढताना त्याला चिकटून कातडी निघाली. फोन केला तर म्हणे, "औषध लागू पडतंय, बंद करू नका."

मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत गेलो तेव्हा खरं कळलं. याला हॅलो नीव्हस म्हणतात. वैद्यकाला हा १९१६ पासून माहीत आहे. शाळा-कॉलेजच्या वयात जास्त दिसतो, तोही बहुतेक पाठीवर. शरीराची प्रतिकारशक्तीच तिळातल्या रंगपेशींवर उठते. आधी कडं पांढरं होतं, मग तीळ फिका पडत जातो, पुष्कळदा नाहीसा होतो, आणि पुढे काही वर्षांनी कातडीचा रंगही भरून येऊ शकतो. सहसा औषध लागत नाही. त्या पांढऱ्या कातडीला ऊन लवकर भाजतं, म्हणून ती झाकायची, सनस्क्रीन लावायचं. आणि आम्हाला पोरीला उन्हात बसवायला सांगितलं होतं! काहींना सोबत कोडही असतं, म्हणून डॉक्टरबाईंनी तिचं सगळं अंग तपासलं. कुठेही नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती जाळलेल्या तिळाची. तीळ वेडावाकडा असेल, रंग एकसारखा नसेल, वाढत असेल, रक्त येत असेल, किंवा चाळिशीनंतर असं कडं नव्याने आलं असेल, तर त्वचेच्या कर्करोगाची शंका घेऊन बघावं लागतं. काढायचाच झाला तर कापून बायोप्सीला पाठवतात. जाळल्यावर तपासायला उरतं काय? पाठीवरचा डर्मोस्कोपखाली (कातडी मोठी करून बघायचं उपकरण) साधा निघाला. मानेवरचा कसा होता हे आता कुणीच सांगू शकत नाही. तिथे फुगीर व्रण आहे, आणि त्यावर लक्ष ठेवणं आमच्या मागे लागलंय.

पांढरे डाग बरे करणाऱ्या औषधाची जाहिरात करायलाच १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने मनाई आहे. यादीत ल्युकोडर्मा, म्हणजे पांढरे डाग, स्पष्ट लिहिलेला आहे. तरी जाहिराती चालूच. कुठेही जाल तर डॉक्टरचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा, निदान कागदावर लिहून मागा. आमच्या पावतीवर यातलं काहीच नव्हतं, फक्त पॅकेजचं नाव.

पैसे मागितले तर "ट्रीटमेंट तुम्हीच अर्धवट सोडली" हे उत्तर. उरलेलं तेल, पावत्या, फोडांचे फोटो आणि ओपीडीचा केसपेपर घेऊन ग्राहक आयोगात तक्रार केली आहे, अन्न व औषध प्रशासनालाही कळवलंय. तुमच्याकडे अशी बिनलेबलची बाटली असेल तर रागाच्या भरात फेकून देऊ नका. तक्रारीत तीच कामाला येते.