केळीच्या चेंबरपासून वजनकाट्यापर्यंत सगळं एका स्क्रीनवर: जळगावच्या दोन पोरांकडून करून घेतलेल्या नेटवर्क मॉड्यूलचा अनुभव

सावद्याकडं आमचं केळीचं पॅकहाऊस आहे, आठ रायपनिंग चेंबर (केळी पिकवायच्या खोल्या), एक कोल्ड स्टोरेज, बाहेर वजनकाटा. मी तिथला "कॉम्प्युटरवाला", म्हणजे बिल प्रिंट झालं नाही तरी मला फोन आणि चेंबर थंड झाला नाही तरी मलाच फोन. वर्षभरापूर्वी एक काम करून घेतलं, त्याबद्दल दोन-तीन जणांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. फर्मचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि पोरं तशी चांगली आहेत.

आधी काय हाल होते ते सांगतो. चेंबरचे कंट्रोलर मॉडबस आरटीयूवर (मॉडबस म्हणजे अशा यंत्रांची बोलायची भाषा), एकाच आरएस-४८५ च्या वायरवर, म्हणजे सगळी यंत्रं एका लाईनीत जोडायच्या वायरवर, आठही. वीज मोजायचे दोन मीटर मॉडबस टीसीपीवर, म्हणजे तीच भाषा पण नेटवर्कवरून. नेटवर्कचा स्विच आणि यूपीएस एसएनएमपी बोलणार, नेटवर्कची यंत्रं आपली तब्येत सांगतात ती भाषा. वजनकाटा जुना, सिरीयल पोर्टमधून आकडे ओकत राहतो, कुणी ऐको ना ऐको. म्हणजे चार भाषा बोलणारी माणसं एका घरात आणि दुभाषी मी. तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर उघडी ठेवायची, त्यातलं एक तर फक्त कंट्रोलरवाल्याच्या मोबाईल ॲपवर. केळी १३ अंशाच्या खाली गेली की साल काळी पडायला लागते, आणि पिकवताना साधारण १६ ते १८ च्या मधे ठेवावी लागते, म्हणजे रात्री दोनला एक चेंबर घसरला आणि सकाळी आठला कळलं तर माल गेलाच समजा. हे आमच्याकडं एकदा झालंय. शेठ त्या दिवशी काही बोलले नाहीत, नुसते चेंबरसमोर उभे राहिले, त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

झॅबिक्स, म्हणजे यंत्रांवर नजर ठेवून बिघाडाचा मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर, मी स्वतःच टाकलं होतं, फुकट आहे, स्विच आणि यूपीएससाठी एक नंबर. मॉडबस पण त्याच्या एजंट २ मधे (आकडे गोळा करणारा त्याचा छोटा प्रोग्रॅम) ५.२ व्हर्जनपासून येतं. पण आमची आठ जणांची ४८५ ची लाईन आणि तो बडबड्या काटा, हे काही माझ्याच्यानं जमेना. एका मोठ्या शहरातल्या कंपनीनं कोटेशन दिलं, त्यात सगळं नवीन सॉफ्टवेअर, वर दरवर्षी लायसन्स, वर प्रत्येक सेन्सरमागं पैसे. शेठ म्हणाले भाऊ, एवढ्यात तर नववा चेंबर उभा राहील.

मग जळगावची ही दोघं सापडली, मोबाईलच्या दुकानाच्या वरती खोली, पंखा आणि दोन लॅपटॉप. त्यांची पहिलीच गोष्ट मला पटली, नवीन काही बनवायचं नाही, झॅबिक्स आहे तसंच राहू दे, आपण फक्त मधले मॉड्यूल लिहू. एक मॉड्यूल ४८५ वर जाऊन कंट्रोलर वाचेल, एक मीटर वाचेल, एक काट्याचं ऐकेल, आणि तिघंही आपापले आकडे झॅबिक्सच्या १००५१ पोर्टवर (बाहेरून आलेले आकडे घ्यायचं त्याचं दार) ढकलतील. पायथनमधे लिहिलंय, एका छोट्या फॅनलेस पीसीवर चालतं. एक लाख दहा हजार ठरले, अर्धे आधी.

आता खरी मजा. त्यातला एक जण पॅकहाऊसला येऊन चार दिवस बसला, मे महिन्यात, जळगाव जिल्ह्यातला मे म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. मीटरचं व्होल्टेज स्क्रीनवर आलं ते चोवीस आकडी! आमचा वायरमन अमळनेरकडचा, तो वाकून बघतो आणि म्हणतो, "काय व्हयनं भो, महापारेषण आपल्याकडंच आली का?" झालं असं होतं की मॉडबसचं रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा, १६ बिटचं, आणि मीटर दशांशातला आकडा दोन रजिस्टरमधे तोडून पाठवतो, आमच्या मीटरचा आधी कुठला अर्धा हे मॅन्युअलमधे उलटं छापलेलं. पोरानं दोन अर्धे अदलाबदल केले आणि २३१.४ दिसलं. हे लांबून टीमव्ह्यूअरवर बसून कुणी पकडलं असतं का मला शंका आहे, कारण त्यानं आधी मल्टीमीटर लावून खरं व्होल्टेज किती ते बघितलं होतं.

दुसरी गोष्ट, ४८५ च्या लाईनवर एकावेळी एकच बोलतो. एक कंट्रोलर बंद पडला की मॉड्यूल त्याच्या उत्तराची वाट बघत बसायचं, एक सेकंद, परत विचारणार, परत एक सेकंद, तेवढ्यात बाकीचे सात ताटकळत. त्यांनी असं केलं की जो उत्तर देत नाही त्याला पुढं दर दोन मिनिटांनीच हाक मारायची. साधी गोष्ट आहे पण ज्यानं लाईन बघितलीय त्यालाच सुचते. जाता जाता लाईनच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा रेझिस्टर नव्हता तो पण लावून गेला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

आता तक्रारी. काम सहा आठवड्यात म्हणाले, चार महिने लागले. अर्थात त्यात तीन आठवडे कंट्रोलरवाल्यानं खाल्ले, त्याच्याकडं रजिस्टर मॅप (कुठल्या रजिस्टरमधे काय आहे त्याची यादी) मागितला तर शेवटी व्हाट्सअपवर आडवा फोटो आला, त्यात पण अर्धं पान अंगठ्याखाली.

पहिल्या व्हर्जनमधे एसएनएमपीचे ट्रॅफिकचे आकडे स्विचमधल्या ३२ बिटच्या काउंटरवरून (किती डेटा गेला ते मोजत जाणारा आकडा) घेतले होते, पाच मिनिटांनी एकदा वाचायचे. गिगाबिट पोर्ट फुल चालला तर तो काउंटर ३४ सेकंदात गोल फिरून शून्यावर येतो, आमच्या कॅमेऱ्यांच्या पोर्टवर तेवढं नसलं तरी पाच मिनिटात फिरणारच, त्यामुळे ग्राफ बघून वाटायचं कॅमेरे झोपलेत. ६४ बिटचा काउंटर त्याच स्विचमधे आहे, तो वापरायचा हे मला सांगावं लागलं. नेटवर्कचं काम करणाऱ्याला हे माहीत पाहिजे, इथं मी मार्क कापतो.

आणि मेसेजचा पूर! मधला स्विच बंद पडला तेव्हा माझ्या मोबाईलवर ४७ मेसेज, चेंबर १ गेला, चेंबर २ गेला, मीटर गेला, काटा गेला, आणि खरं दुखणं जो स्विच त्याचा मेसेज एकतिसावा. तो दिवस कानबाईच्या (आमच्या खान्देशातला श्रावणातला सण) विसर्जनाचा सोमवार, दोघंही आपापल्या गावाला, फोन कुणी उचलेना. नंतर बसून दुरुस्त केलं, आता स्विच मेला तर त्याच्यामागचे गप्प राहतात.

सोर्स कोड द्यायला पण जरा खळखळ केली, शेवटचा हप्ता अडवला तेव्हा पेनड्राईव्ह आला. कुणी असं काम देणार असेल तर कोड आणि रजिस्टरची यादी आपल्याकडं राहणार हे पहिल्याच कागदावर लिहून घ्या, मी तोंडी बोललो होतो आणि तोंडीचं काय होतं ते आपल्याला माहितीच आहे. डॉक्युमेंटच्या नावाखाली चार पानी पीडीएफ आहे, त्यातलं एक पान त्यांचा लोगो.

तरी वर्षभरात चेंबर दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा वेळेत कळलं, एकदा तर पहाटे साडेतीनला, मी बनियनवरच गाडीला किक मारली, जाऊन बघतो तर कॉम्प्रेसरचा ट्रिप पडलेला. माल वाचला. पाचपैकी चार देतो, एक कापला तो काउंटरचा आणि सोमवारचा मिळून.

आता सोलरचा इन्व्हर्टर आलाय, तो पण मॉडबसच बोलतो, काम त्याच पोरांना दिलंय. ह्या वेळी रजिस्टर मॅप मी आधीच मागवून ठेवलाय, अंगठा नसलेला.