कपाचा एअरब्रश की बाटलीचा?

बारा वर्षांनी पुन्हा एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) हातात घेणाऱ्या मित्राने विचारलं, वर कप असलेला घेऊ की खाली बाटली लागणारा? दोन्हींवर काम केलंय, म्हणून सांगतो.

हवेचा दाब: कपातला रंग स्वतःच्या वजनाने खाली उतरतो, त्यामुळे १५-२० पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) काम होतं. बाटलीतला रंग वर ओढावा लागतो, म्हणून २५-३० तरी हवेच. कॉम्प्रेसर (दाबाखाली हवा पुरवणारं यंत्र) छोटा असेल तर हा फरक लगेच जाणवतो.

बारकावा: इथे कपच सरस. गणपतीच्या डोळ्यांभोवतीची सावली, गालावरची लाली अशी कामं कमी दाबावर आणि जवळून करावी लागतात. इतक्या वर्षांनी बटणावरचं बोट जड झालेलं असतं. जास्त दाबावर रंग एकदम फुटतो आणि कोळ्याच्या पायांसारखे ओघळ पसरतात. ते पाहून हिरमुसू नका. रंग दुधाइतका पातळ करा आणि आठवडाभर जुन्या वर्तमानपत्रावर नुसते ठिपके आणि रेघा मारा.

रंग बदलणं: बाटली जिंकते. चार बाटल्या भरून ठेवल्या की पितांबराचा पिवळा संपवून शेल्याचा लाल लगेच सुरू.

सफाई: कप दोन मिनिटांत धुतला जातो, बाटलीची नळीही साफ करावी लागते. एअरब्रशच्या आतल्या सुईचं टोक मात्र दोन्हीकडे तितकंच नाजूक. वाकलं की फवारा तिरका.

चित्रं, व्यक्तिचित्रं, घरची एखादी मूर्ती असेल तर कपाचा, ०.३ मिमी नोझलचा (नोझल म्हणजे रंग बाहेर पडतो ते तोंड) घ्या. कारखान्यात ओळीने मूर्ती रंगवायच्या किंवा मोठे पडदे करायचे असतील तर बाटलीचा.