उत्प्रेरक 'उघड' होता का? अमेरिकेची कसोटी आणि युरोपची

जुन्याच झिओलाइटवर (उत्प्रेरकाला आधार देणारं सच्छिद्र खनिज) प्लॅटिनमऐवजी पॅलेडियम बसवलं आणि उत्पादन वाढलं. हा पेटंट मिळण्याजोगा शोध, की कुणालाही सुचली असती अशी अदलाबदल?

अमेरिकेत पेटंट कायद्याचं कलम १०३ लागतं: त्या क्षेत्रातल्या तज्ज्ञाला जे उघड होतं, त्याला पेटंट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या केएसआर निकालात म्हटलं की पर्याय मोजके, ठाऊक असलेले आणि परिणाम अपेक्षित असेल, तर 'करून बघणं उघडच होतं' असं धरता येतं. पेटंटधारकाचा बचाव नेमका इथेच असतो: उत्प्रेरकात अंदाज फसतात. आधारद्रव्य किंवा भाजण्याचं तापमान जरा बदललं तरी निवडकता (हवं तेच उत्पादन मिळण्याचं प्रमाण) कोसळू शकते. अनपेक्षित परिणामांचे आकडेही मांडता येतात. मात्र पेटंटमध्ये ज्यावर हक्क सांगितलाय, त्या दाव्याच्या साऱ्या पल्ल्याला ते पुरायला हवेत. एका नमुन्यावर सहसा भागत नाही.

युरोपीय पेटंट कार्यालय (युरोपीय पेटंट कराराचं कलम ५६) आधी सर्वांत जवळचं पूर्वज्ञान (आधीच जाहीर असलेली माहिती) निवडतं, फरक काढतं, त्यावरून तांत्रिक समस्या ठरवतं. मग विचारतं: तज्ज्ञाने हे केलं असतं का? नुसतं 'करू शकला असता' पुरत नाही. सुधारणेचा दावा असेल, तर तुलनेची चाचणी त्या जवळच्या उत्प्रेरकाशीच हवी. नाहीतर समस्या 'आणखी एक उत्प्रेरक शोधणं' इतकी घसरते.

मला युरोपची शिस्त भावते. फक्त 'सर्वांत जवळचं' कोणतं, यावरच अर्धं भांडण रंगतं.