६ इंची की ८ इंची डॉब? इंदूरवाल्यांसाठी माझं मत

राजेंद्रनगर, सुदामानगरकडे राहत असाल आणि बघणं मुख्यतः गच्चीवरूनच होणार असेल तर सरळ ६ इंची डॉब्सोनियन (म्हणजे साध्या लाकडी पायावर फिरणारी आरशाची दुर्बीण, इंच हे आरशाच्या व्यासाचे) घ्या, ८च्या मागे लागू नका. माझ्याकडे ६ आहे, मेव्हण्याकडे ८, आणि दोन्ही शेजारीशेजारी लावून भरपूर बघून झालंय.

कागदावर ८ इंची भारीच आहे, आरशाचं क्षेत्रफळ जवळपास पावणेदोन पट, म्हणजे प्रकाशही तेवढा जास्त. पण आमच्या दोन्हींची फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जमते तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिमीच, त्यामुळे १० मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावला की दोन्हीत १२० पटच मोठं दिसतं, ८वाला काही गुरू मोठा करून दाखवत नाही. गुरूचे पट्टे आणि चार चंद्र दोन्हीत मस्त दिसतात. बारकावे ८मधे जास्त दिसायला हवेत, पण एप्रिल-मेमधे दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम हवा सोडत असतो, त्यात गुरूच असा लदलद हलतो की वरचे दोन इंच काही कामाला येत नाहीत.

महूपुढे जानापावच्या अंधाऱ्या आकाशाखाली नेलं की मात्र मामला बदलतो भिया! शौरी तारकासमूहातला एम १३ हा ताऱ्यांचा गोल गुच्छ घ्या, ६मधे कडेकडेचे तारे सुटे दिसतात नि मधे धुरकट गोळा, आणि तोच आयपीस ८ला लावला की तारे पार आतपर्यंत सुटत जातात, जरा तिरक्या नजरेनं बघितलं तर अजूनच. खरंच वेड लागतं ते बघून. दीर्घिकांचंही तसंच, तिथे प्रत्येक इंच वसूल होतो.

पण ८वाला सगळा मिळून वीसेक किलोचा, नळी वेगळी न्यायची, खालचा लाकडी पाया वेगळा, लिफ्ट नसेल तर जिन्याच्या दोन फेऱ्या ठरलेल्या. आमचा ६वाला बायको पण नेते गच्चीवर. शिवाय तो एफ ८ (फोकल लेंथ आरशाच्या व्यासाच्या आठपट) असल्यामुळे कॉलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, थोडं हललं तरी चालवून घेतो, साध्या आयपीसमधेही कडेचे तारे बरे दिसतात.

डॉब स्टँडची ही साधी रचना प्रसिद्ध केली ती जॉन डॉब्सन यांनी, ते सॅन फ्रान्सिस्कोला रामकृष्ण संघाचे संन्यासी होते आणि रस्त्यावर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवायचे, फार मोठा माणूस.

तळमजल्यावर घर आहे, गाडी दारात उभी असते, दर अमावास्येला बाहेर पडणारच, तर बिनधास्त ८ घ्या. बाकीच्यांनी ६ घेऊन वाचलेल्या पैशात एक चांगला ६-७ मिमीचा आयपीस घ्यावा. आणि खोक्यावर ‘५२५ पॉवर’ छापलेली ६० मिमीची दुर्बीण पोरांसाठी म्हणून कृपा करून घेऊ नका, तिच्यात १२० पटीच्या वर नुसतं धूसर दिसतं नि पोरं आकाशाचा नादच सोडतात.