टीसीसीएच्या क्लोरीन गोळ्या: चिनी ड्रम, देशी ड्रम आणि मधले शुल्क

गोव्याच्या बार्देश तालुक्यातील काही गेस्ट हाउस आणि एका गृहसंकुलाच्या जलतरण तलावांची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे ट्रायक्लोरो आयसोसायन्युरिक आम्ल, म्हणजे व्यवहारात ज्याला सगळे टीसीसीए म्हणतात, त्या रसायनाच्या गोळ्या मी नियमितपणे विकत घेतो. हे परीक्षण त्या गोळ्यांच्या दोन प्रकारांचे आहे: चीनमधून येणारा ५० किलोचा ड्रम आणि भारतात तयार होणारा तेवढाच ड्रम. दोन्हींवर उपलब्ध क्लोरीन ९० टक्के असेच छापलेले असते आणि दोन्हींतली गोळी २०० ग्रॅमचीच असते, म्हणून वरवर पाहता निवड केवळ किमतीवर करता येईल असे वाटते. मार्च २०२५ पासून मात्र किमतीचा हा प्रश्न आयात शुल्काशी इतका जोडला गेला आहे की शुल्काबद्दल काहीच न बोलता या मालाचे परीक्षण करणे अपुरे ठरेल.

आधी मालाबद्दल. ड्रम उघडल्यावर चिनी गोळी हातमोज्यात धरली की तिची कड धारदार आणि पृष्ठभाग घोटलेला जाणवतो; दाबयंत्राचा दाब सगळीकडे सारखा पडला आहे हे पाहताक्षणी कळते. ड्रमच्या तळाशी भुकटी अगदी कमी निघते. देशी गोळीची कड थोडी ठिसूळ असते, वाहतुकीत काही गोळ्यांचे टवके उडतात आणि तळाशी ओंजळभर चुरा साचतो. हा चुरा वाया जात नाही, बादलीत विरघळवून वापरता येतो, पण तरंगत्या डिस्पेन्सरमध्ये, म्हणजे गोळी हळूहळू विरघळावी म्हणून तलावात तरंगत ठेवलेल्या छिद्रांच्या डबीत, तो टाकला तर क्लोरीन एकदम सुटते, म्हणून तो वेगळा काढावा लागतो. डिस्पेन्सरमध्ये दोन्ही गोळ्या शेजारी ठेवून पाहिल्या असता चिनी गोळी शेवटपर्यंत आपला गोल आकार राखून झिजते, तर देशी गोळी अर्ध्यावर आल्यानंतर दोन तुकड्यांत फुटते. पाण्यात उतरणाऱ्या क्लोरीनमध्ये मात्र डीपीडी चाचणीला (पाण्यातले क्लोरीन रंगावरून मोजणारी चाचणी) मला लक्षात घेण्याजोगा फरक आढळलेला नाही. विरघळून झाल्यावर तळाशी पांढरा चिकट गाळ राहणे ही हलक्या मालाची खूण असते, आणि तसा गाळ या दोन्हींपैकी एकातही राहिला नाही.

गोव्याच्या हवापाण्यात हे रसायन कसे वागते याकडे मात्र खरेदी करणाऱ्याने बारकाईने लक्ष द्यायला हवे. टीसीसीए आम्लधर्मी आहे आणि आपल्याकडच्या जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरींचे पाणी मुळातच मृदू, क्षारता कमी असलेले असते; त्यामुळे फक्त या गोळ्यांवर चालवलेल्या तलावाचा पीएच हळूहळू घसरत जातो आणि सोडा ॲश टाकून तो सावरावा लागतो. दुसरी गोष्ट सायन्युरिक आम्लाची. गोळीतून पाण्यात येणाऱ्या प्रत्येक १ मिलिग्रॅम क्लोरीनबरोबर सुमारे ०.६ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्लही येते. ते उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करते, म्हणूनच एप्रिल-मे महिन्यांत या गोळ्या हायपोक्लोराइट या साध्या क्लोरीन-रसायनापेक्षा जास्त टिकतात. पण ते उडून जात नाही, साचत राहते, आणि लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की क्लोरीन असूनही पाणी हिरवट होऊ लागते. पावसाळ्यात तलाव भरून वाहतो तेव्हा हा साठा आपोआप कमी होतो. उन्हाळ्यात थोडे पाणी बदलण्याला पर्याय नाही. साठवणीबाबत एकच सांगतो: ओलसर झालेली गोळी तापते आणि क्लोरीन वायू सोडते, त्यामुळे जून ते सप्टेंबर ड्रमचे झाकण घट्ट असावे, आणि ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट या ड्रमजवळसुद्धा ठेवू नये, कारण ही दोन रसायने एकत्र आली तर स्फोट होऊ शकतो.

आता किमतीकडे वळतो. पूर्वी चिनी ड्रम देशी ड्रमपेक्षा इतका स्वस्त मिळत असे की देशी माल घेण्याचे कारण तलावमालकाला समजावून सांगणे कठीण जाई. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने चीन आणि जपानमधून येणाऱ्या टीसीसीएवर पाच वर्षांसाठी डम्पिंगविरोधी शुल्क, म्हणजे पाडलेल्या भावाने येणाऱ्या परदेशी मालावरचे जादा शुल्क, लावले. ते उत्पादकानुसार टनामागे २७६ ते ९८६ अमेरिकी डॉलर इतके आहे. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तर किलोमागे साडेतेवीस ते चौऱ्याऐंशी रुपये आणि ५० किलोच्या ड्रममागे सुमारे १,१७० ते ४,१९० रुपये होतात. या शुल्कावर पुन्हा एकात्मिक जीएसटी चढतो. त्या जीएसटीचे क्रेडिट (पुढच्या करातली वजावट) नोंदणीकृत आयातदाराला मिळते, पण डम्पिंगविरोधी शुल्काचे मिळत नाही, म्हणून ते पूर्णपणे मालाच्या किमतीत उतरते. यातून ग्राहकाच्या कामाची एक बाब निघते, जी विक्रेते क्वचितच सांगतात. शुल्क उत्पादकानुसार वेगळे असल्यामुळे ‘चिनी माल’ असा एकच भाव आता उरलेला नाही. एकाच दुकानात शेजारी ठेवलेल्या दोन चिनी ड्रमांवर वेगवेगळे शुल्क भरलेले असू शकते. म्हणून ड्रमवरचे उत्पादकाचे नाव आणि बॅच क्रमांक पाहिल्याशिवाय दर मान्य करू नये.

हे शुल्क योग्य आहे का, हा प्रश्न मला प्रत्येक तलावमालक विचारतो, आणि त्याचे उत्तर स्वस्ताई कुठून आली यावर अवलंबून आहे असे माझे ठाम मत आहे. एखादी कंपनी स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा कमी भावाने परदेशात माल विकते तेव्हा त्याला डम्पिंग म्हणतात आणि त्यावर डम्पिंगविरोधी शुल्क हा उपाय आहे. पण कंपनीच्या पाठीशी तिचे सरकार उभे असेल, म्हणजे स्वस्त वीज, सवलतीची जमीन, सरकारी बँकांची कमी व्याजाची कर्जे किंवा करमाफी देऊन मालाचा खर्चच कमी केला असेल, तर त्याला उत्तर म्हणून काउंटरव्हेलिंग ड्युटी, म्हणजे अनुदानाची भरपाई करणारे शुल्क, लावता येते. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू असलेल्या अनुदानविषयक करारात आणि आपल्या १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमाच्या कलम ९ मध्ये त्याची तरतूद आहे. हे शुल्क अनुदानाच्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. अनुदान सगळ्या उद्योगांना सरसकट मिळत असेल तर ते धरले जात नाही, विशिष्ट कंपन्यांना, उद्योगाला किंवा प्रदेशाला मिळालेले असावे लागते. निर्यातीच्या अटीवर दिलेले अनुदान मात्र आपोआपच विशिष्ट मानले जाते. अनुदान मालाच्या किमतीच्या १ टक्क्यापेक्षा, आणि विकसनशील देशांच्या बाबतीत २ टक्क्यांपेक्षा, कमी निघाले तर चौकशी तिथेच बंद करावी लागते.

टीसीसीएच्या बाबतीत अनुदानाचा प्रश्न पुस्तकी नाही, कारण ही गोळी बनते कशी हे पाहिले की तो समोर येतो. युरिया तापवून सायन्युरिक आम्ल करतात, ते कॉस्टिक सोड्यात विरघळवतात आणि त्यावर क्लोरीन सोडतात. क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा हे दोन्ही मिठाच्या पाण्यातून वीज सोडून मिळतात आणि त्या प्रक्रियेत सर्वांत मोठा खर्च विजेचाच असतो. म्हणजे ज्या कारखान्याला वीज स्वस्त, त्याचे क्लोरीन स्वस्त, आणि पर्यायाने गोळीही स्वस्त. कच्च्या मालातला दुसरा घटक युरिया. तो आपल्याकडे वास्कोजवळ जुवारीनगरला तयार होतो, पण शेतकऱ्यासाठीचा अनुदानित, कडुनिंबाचे तेल लावलेला युरिया उद्योगात वळवणे हा गुन्हा आहे; भारतीय गोळी बनवणाऱ्याला औद्योगिक युरिया बाजारभावानेच घ्यावा लागतो. अमेरिकेने क्लोरीनयुक्त आयसोसायन्युरेट्सवर, ज्यात ट्रायक्लोर (म्हणजेच टीसीसीए) आणि त्याच जातीचे डायक्लोर दोन्ही येतात, चीनविरुद्ध २००५ पासून डम्पिंगविरोधी शुल्क लावलेले आहे आणि २०१४ मध्ये त्याच मालावर काउंटरव्हेलिंग ड्युटीही लावली. किंमत पाडणे आणि सरकारी मदत या दोन वेगळ्या गोष्टी एकाच मालात असू शकतात, हे त्यातून दिसते.

भारताने मात्र टीसीसीएसाठी डम्पिंगविरोधी शुल्काचाच मार्ग निवडला. त्याचे कारण कार्यपद्धतीत असावे. अनुदानाची चौकशी सुरू करण्याआधी निर्यात करणाऱ्या देशाच्या सरकारला सल्लामसलतीसाठी बोलवावे लागते, त्या सरकारकडून आणि कंपन्यांकडून प्रत्येक योजनेची माहिती मागवावी लागते, आणि प्रत्येक योजनेचा लाभ रुपया-पैशांत मोजावा लागतो. डम्पिंगच्या चौकशीत त्या मानाने किमतींची तुलना करून भागते. देशी उद्योगाची हानी आणि आयातीशी तिचा संबंध दोन्हीकडे सिद्ध करावा लागतो, पण परदेशी सरकारच्या कागदपत्रांत शिरण्याची गरज डम्पिंगमध्ये पडत नाही. वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतले व्यापार उपाय महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीटीआर म्हणतात आणि जे २०१८ पासून या रूपात काम करते, ते चौकशी करून शिफारस करते आणि शेवटचा निर्णय अर्थ मंत्रालय घेते. चिनी रसायनावर अनुदानविरोधी शुल्क लावण्याचा अनुभव भारताला नाही असे नाही. २०१९ मध्ये सॅकरिनवर असे शुल्क लागले होते.

माझ्या मते टीसीसीएसाठीही अनुदानाची चौकशी व्हायला हवी होती, किंवा निदान ती सोबत तरी व्हायला हवी होती. आताच्या आदेशात चीन आणि जपान एकाच पंगतीत आहेत, आणि कोणत्या कारखान्याला त्याच्या सरकारने काय दिले हा प्रश्न त्या चौकशीत उद्भवतच नाही. स्वस्ताई विजेच्या सवलतीतून आली असेल तर तिचे माप वीजबिलात आहे, विक्रीच्या दरात नाही. आणि ग्राहकाकडून जादा पैसे घ्यायचे असतील तर ते नेमके कशाची भरपाई म्हणून घेतले जातात हे त्याला कळण्याचा हक्क आहे. दोन्ही शुल्के लावली असती तर भार दुप्पट झाला असता, अशी भीती काहींना वाटते. तसे सरसकट होत नाही. सीमाशुल्क दर अधिनियमाच्याच कलम ९ ब प्रमाणे एकाच डम्पिंगच्या किंवा निर्यात अनुदानाच्या परिस्थितीसाठी दोन्ही शुल्के एकदम आकारता येत नाहीत. शिवाय ही मागणी केवळ चीनकडे बोट दाखवण्यासाठी नाही. आपल्या निर्यात योजनांवरही जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने ऑक्टोबर २०१९ मध्ये आक्षेप नोंदवला होता, आणि भारतीय कंपन्याही परदेशांत याच शुल्काला तोंड देतात. नियम दोन्ही बाजूंना सारखा लागतो, म्हणूनच तो मोजून-मापून लागावा.

विक्रेत्यांबद्दल एक तक्रार नोंदवणे भाग आहे. शुल्क लागल्यानंतर माझ्या एका नेहमीच्या पुरवठादाराने भारतीय बनावटीच्या ड्रमचा दर ‘ड्युटी वाढली’ असे सांगून चढवला. देशी मालावर आयात शुल्क नसते. आयात महागल्यामुळे देशी उत्पादकालाही दर थोडा वाढवण्याची मोकळीक मिळते आणि ते अपेक्षितच असते, पण मग कारखान्याने दर वाढवला आहे असे स्पष्ट सांगून तशी किंमतपत्रिका दाखवावी. तसेच शुल्क आयातीच्या वेळी भरले जाते, गोदामातून विक्रीच्या वेळी नाही. अधिसूचनेआधी न्हावा शेवा बंदरात उतरून सीमाशुल्कातून सुटलेल्या चिनी मालावर ते लागलेलेच नाही. जुन्या बॅचचा ड्रम नव्या शुल्काच्या दराने विकला जात असेल तर ग्राहकाने तो नाकारावा. याच्या उलट, सध्याच्या परिस्थितीत एखादा चिनी ड्रम जुन्या भावापेक्षाही स्वस्त मिळत असेल तर तो घेऊ नये, कारण एक तर त्याचा मूळ देश किंवा उत्पादक चुकीचा दाखवलेला असतो, नाहीतर गोळीत ९० टक्के क्लोरीन नसते.

दोन्ही ड्रमांचा माझा निर्णय असा. तरंगत्या डिस्पेन्सरवर चालणाऱ्या आणि रोज देखरेख नसलेल्या लहान तलावासाठी चिनी गोळी अजूनही सरस आहे, कारण ती न फुटता सावकाश झिजते. दर थोडा अधिक पडला तरी तिथे ती घ्यावी. इनलाइन फीडर (पाण्याच्या नळीवर बसवलेला गोळ्यांचा डबा) असलेल्या तलावात गोळी फुटल्याने काही बिघडत नाही, आणि तिथे देशी ड्रम पूर्ण समाधान देतो. देशी उत्पादकांनी गोळीची कड मजबूत केली आणि ड्रममध्ये गोळ्यांच्या थरांमध्ये जाड कागद घातला तर वाहतुकीतला चुरा निम्म्यावर येईल, अशी सूचना मी पुरवठादारामार्फत कळवली आहे. येत्या हंगामासाठी कळंगुट आणि कांदोळीकडच्या फीडरवाल्या तलावांकरिता मी देशी ड्रम मागवले आहेत, आणि बिलावर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक व मूळ देश छापलेला असावा अशी अट खरेदी आदेशातच लिहिली आहे.