जुने पोर्तुगीज दस्त वाचून देणारी पणजीतली सेवा: इश्क्रितुरीसाठी (खरेदी-विक्रीच्या दस्तांसाठी) जा, वंशवृक्षासाठी नको

साडेतीन स्टार. त्यातले तीन एकट्या वाचणाऱ्या गृहस्थांचे.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात केरीच्या वर आमचं थोडं कुळागर (सुपारीची बाग) आणि काजूची जमीन आहे. ती घेतली खापरपणजोबांनी. ते घाटावरून चोर्ल्याच्या वाटेने खाली उतरले, एवढंच घरात माहीत. काका सांगतात, सत्तरीच्या दादा राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध केलेल्या १८९५च्या बंडात ते होते. आमच्या भागात निम्म्या घरांतला कुणी ना कुणी त्या बंडात होताच, म्हणून कागदच काढावेत असं ठरवलं.

सेवा पणजीच्या मळा भागात एका जुन्या घराच्या माडीवर आहे. पुढे तक्रार येणार असल्याने नाव लिहीत नाही. पुराभिलेखागारात आणि निबंधकाच्या जुन्या पुस्तकांत शोध घेऊन ते दस्त काढतात, वाचतात, मराठीत उतरवून देतात. शोधाचे पैसे वेगळे, वाचनाचे पानामागे दोनशे रुपये. मोडीही वाचतात. नोताराच्या (नोटरीच्या) कारकुनाचं ते एकात एक गुंतलेलं अक्षर पाहिल्यावर दोनशे जास्त वाटत नाहीत. शिवाय पोर्तुगीज कारकून आपला ‘श’ एक्सने लिहीत, त्यामुळे शंकर शोधायचा तर तो ‘शेंकोरा’ होऊन एक्सखाली बसलेला. हे ज्याला माहीत नाही, तो अख्खी सूची चाळून रिकाम्या हाती परत जाईल.

हाती आल्या दोन इश्क्रितुरी. १९०८ची कुळागर घेतल्याची, १९२१ची काजूचा एक पट्टा विकल्याची. पोर्तुगीज दस्तात माणूस कुठे जन्मला, राहतो कुठे, लग्न झालंय का, हे सगळं येतं. पहिल्यात जन्म नुसता ‘इंग्रजी मुलखात’. दुसऱ्यात गाव पडलंय, कणकुंबी. मलप्रभा तिथे उगम पावून पूर्वेला जाते, आमचा माणूस पश्चिमेला घाट उतरला. चतुःसीमा वाचताना तर मी उठून उभाच राहिलो. उत्तरेला ओहोळ, दक्षिणेला सरकारी रान, आणि पश्चिमेच्या कुळागराचा धनीही कणकुंबीचाच. म्हणजे एकटे नव्हते आले. आधी आलेल्या गाववाल्याच्या कुशीला जागा धरली.

विक्रीच्या दस्तात आणखी एक लाभ झाला. १८६७चा पोर्तुगीज दिवाणी कायदा गोव्यात १८७०पासून लागू झाला, आणि त्याप्रमाणे नवऱ्याला बायकोच्या संमतीशिवाय जमीन विकता येत नसे. त्यामुळे खापरपणजी नोतारापुढे हजर आहे: भागीरथी, कारकुनाच्या लेखी ‘बागिर्ती’. लिहिता येत नाही म्हणून तिच्या वतीने दुसऱ्याने सही केल्याचंही नोंदलंय. आमच्या देवघरातल्या वंशावळीत पुरुषच पुरुष. तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता तक्रार. याच लोकांनी वर जाड कागदावर ‘कुलवृत्तांत’ छापून दिला, रंगीत झाडासकट, आणि त्याचे पैसे वाचनाहून जास्त. त्यात लिहिलंय की आमचे पूर्वज ‘राण्यांच्या बंडाच्या धगीत’ सत्तरीत आले. यांनीच वाचलेल्या १९०८च्या दस्तात त्यांचं वय पंचवीस आहे! १८९५ला बारा वर्षांचं पोर. नानूसचा किल्ला, दिपाजी राण्यांचं १८५२चं बंड, सगळं कुठल्याशा पुस्तकातून उचलून भरलंय. आमच्या माणसाचा त्यात एक कागद नाही. काका मात्र खूश. तक्ता चौकटीत बसवून हॉलमध्ये लावलाय.

दुसरं, वाचनासोबत पुस्तकाचा आणि पानाचा क्रमांक दिलाच नव्हता. फोन केल्यावर दिला, कुरकुर न करता. पण तो मागावा लागतो, आणि त्याच्याशिवाय मूळ दस्त पुन्हा सापडायचा नाही. पैसे देण्याआधीच सांगून ठेवा.

भाऊबंदांशी जमिनीचा वाद असेल आणि त्यासाठी कागद हवे असतील, तर फॉर्म १ व १४ (गोव्यातला जमिनीचा उतारा) घेऊन वकील गाठा. इथलं मराठी वाचन समजून घेण्यापुरतं.

खापरपणजोबांच्या मागे झालेल्या वाटणीचा इन्व्हेंतार, म्हणजे वारस आणि मालमत्तेची कोर्टातली नोंद, सापडलाय, पानं बरीच आहेत. तो याच गृहस्थांकडे वाचायला दिलाय, झाड नको असं पावतीवरच लिहून घेऊन.